अर्ध्यावर परत आलेला मुलगा : जस्टिस बद्रुद्दीन तय्यबजी

निकालाचे दिवस आले की आमच्या शाळेच्या ऑफिसबाहेर पालकांची गर्दी होते. कुणाचे अब्बा गल्फमधून फोनवर असतात, कुणाची अम्मी बुरखा सावरत मार्कशीट पुढे करते आणि विचारते, सर, आता ह्याला कुठे टाकायचं? ‘टाकायचं’ हा शब्द मी वीस वर्षं ऐकतोय. जणू पोरगा म्हणजे पोत्यातला माल. अशा वेळी मला हमखास मुंबईचे बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी आठवतात. सीएसएमटी स्टेशनसमोर अंजुमन-इ-इस्लामची जी भव्य इमारत आहे, तिच्यासमोरून आपल्यातले हजारो लोक रोज जातात. ती संस्था उभी करणाऱ्यांमधलं हे मोठं नाव. काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष, हायकोर्टाचे जज्ज, एवढं पुस्तकात असतं. पण हा माणूस विसाव्या वर्षी शिक्षण अर्धवट टाकून, आजारी डोळे घेऊन घरी परत आला होता, हे फारसं कुणी सांगत नाही. मला तर त्यांच्या आयुष्यातली तीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ चा, मुंबईचा. घराणं सुलेमानी बोहरा, मूळ खंबायतचं. वालिद मुल्ला तय्यब अली भाईमियाँ व्यापारी होते. १८०३ साली मुंबईत फोर्टमध्ये मोठी आग लागली होती, त्याच वर्षी त्यांचा जन्म झाला. गरिबीतून वर येऊन, धंदा वाढवून त्यांनी मुंबईच्या बड्या व्यापाऱ्यांत आपली जागा केली. असा माणूस साधारण काय करतो? मुलांना पेढीवर बसवतो. माल ओळखायला शिकव, हिशोब शिकव, लग्न लाव, झालं. तय्यब अलींनी मुलांना आधी मदरशात उर्दू-फारसी शिकवली, मग इंग्रजी शाळेत घातलं आणि नंतर एकामागून एक विलायतेला पाठवलं. तो काळ लक्षात घ्या. इंग्रजी तालीम म्हणजे दीन हातचा जाईल, अशी भीती तेव्हा आपल्या बहुतेक घरांत होती. समुद्रापार मुलगा पाठवायचा तर लोक काय म्हणतील, हा प्रश्नही होताच. तो आजही आहे, फक्त समुद्राऐवजी हॉस्टेल म्हणतात.

बद्रुद्दीनच्या आधी त्यांचे थोरले भाऊ कमरुद्दीन गेले होते. १८५८ साली ते इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले. तो दर्जा मिळवणारे ते पहिले हिंदी माणूस. आता विचार करा, चौदा वर्षांच्या पोराला हे घरात बघायला मिळतंय. कायदा म्हणजे काय, परीक्षा कशी असते, थंडी किती, हलाल खाण्याचं काय करायचं, हे सगळं त्याला पुस्तकातून शोधावं लागलं नाही. घरातल्या घरात एक माणूस वाट चालून आला होता. माझ्या वर्गात ज्या मुलाचा चुलतभाऊ किंवा खाला इंजिनीअर असते, त्याला इंजिनीअरिंग अवघड वाटत नाही. ज्याच्या खानदानात कुणी कॉलेजचा उंबरा ओलांडलेला नसतो, तो तितकाच हुशार असूनही फॉर्म भरताना घाबरतो. हुशारीत दोघे बरोबरीचे असतात. फरक घरात कुणी आधी जाऊन आलंय की नाही याचा असतो.

बद्रुद्दीन मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकत होते तेव्हाच डोळ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली. उपचारासाठी त्यांना फ्रान्सला पाठवण्यात आलं. मग १८६० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते लंडनमधल्या शाळेत दाखल झाले. सुएझचा कालवा तेव्हा झाला नव्हता. मुंबईहून बोटीने सुएझला, तिथून इजिप्तमधून आगगाडीने अलेक्झांड्रियाला, पुन्हा बोट, असा प्रवास. पत्र पोहोचायला साधारण महिना लागायचा. व्हॉट्सॲपवर अम्मीने ‘खाना खाया?’ विचारल्यावर उत्तर द्यायला कंटाळणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो.

१८६३ साली त्यांनी लंडन युनिव्हर्सिटीत आणि बॅरिस्टरीसाठी मिडल टेंपल या संस्थेत प्रवेश घेतला. तिथली एक पद्धत गमतीची होती. नुसती परीक्षा देऊन भागत नसे. प्रत्येक टर्ममध्ये संस्थेच्या मोठ्या हॉलमध्ये ठराविक वेळा सगळ्यांबरोबर जेवायला हजर राहावं लागे, तेव्हाच ती टर्म भरली असं धरत. कायदा शिकायचा म्हणजे त्या लोकांमध्ये बसायला, बोलायला, ऐकायला शिकायचं. मुंबईच्या बोहरा घरातला एकोणीस वर्षांचा मुलगा त्या लांबलचक टेबलाशी बसतो, दीन सांभाळतो आणि संकोचही सांभाळतो. हे शिक्षण कुठल्या पुस्तकात नसतं.

त्याच १८६३ मध्ये इकडे तय्यब अलींचं निधन झालं. हिंदुस्थान आणि इंग्लंडमध्ये तेव्हा तार सुरू झालेली नव्हती. म्हणजे बापाच्या इंतकालची खबर मुलापर्यंत बोटीनेच पोहोचली असणार, इथे दफनविधी होऊन कितीतरी दिवस उलटल्यावर. ज्याने पाठवलं तोच गेला. अशा वेळी अनेक घरांत पहिला निर्णय होतो तो मुलाला परत बोलवायचा. मोठ्या भावांनी तसं केलं नाही, शिक्षण सुरू राहिलं. पण वर्षभरातच डोळ्यांनी हार खाल्ली. दिवे गॅसचे, कायद्याची जाडजूड पुस्तकं, बारीक छपाई. १८६४ च्या अखेरीस बद्रुद्दीन मुंबईला परतले. हातात ना डिग्री, ना सनद.

इथे मी जरा थांबतो. माझ्या वर्गात काही वर्षांपूर्वी एक मुलगा होता, नाव सांगत नाही. दहावीला शहाऐंशी टक्के. बारावीच्या वर्षी टायफॉइड झाला, दोन पेपर गेले. घरच्यांनी बोलून बोलून त्याला हैराण केलं. मामू म्हणाले, याच्यात दमच नव्हता. चार महिन्यांनी तो काकांच्या मोबाइलच्या दुकानात बसायला लागला, आणि ऑक्टोबरची परीक्षा तशीच निघून गेली. मोबाइलचं दुकान वाईट नाही, हलाल रोजी आहे. पण त्याला दुकान नको होतं, त्याला फार्मसी करायची होती. मी त्याच्या घरी जायला हवं होतं. एकदाही गेलो नाही. ती गोष्ट मला अजून टोचते.

तय्यबजींच्या घरात १८६५ हे पूर्ण वर्ष अर्ध्यावर परत आलेला एक मुलगा होता. शहराची हालतही बघा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या जोरावर शेअरचा जबरदस्त सट्टा चालला. युद्ध संपलं आणि १८६५ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात तो फुगा फुटला. मोठमोठ्या पेढ्या बसल्या, लखपती रस्त्यावर आले. पैसा जपून ठेवायचं याहून मोठं कारण व्यापारी घराला मिळणार नाही. तुझ्या नशिबात नव्हतं, आता धंदा बघ, असं सांगितलं असतं तरी कुणी नाव ठेवलं नसतं. उलट शहाणपणच म्हटलं असतं. पण या घराने मुलाला वर्षभर विश्रांती दिली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, डोळे जरा सावरल्यावर, पुन्हा लंडनच्या वाटेला लावलं. एप्रिल १८६७ मध्ये ते बॅरिस्टर झाले. वय बावीस. आजच्या भाषेत ‘एक वर्षाचा गॅप’. फॉर्मवर ते खोडून काढायला पालक आमच्याकडे येतात, म्हणून लिहितोय.

डिसेंबर १८६७ मध्ये ते मुंबई हायकोर्टात उभे राहिले, तिथले पहिले हिंदी बॅरिस्टर म्हणून. बाकी बॅरिस्टर सगळे गोरे. हायकोर्टाच्या मूळ शाखेत तेव्हा पद्धत अशी होती की पक्षकार आधी सॉलिसिटरकडे जाणार, सॉलिसिटर कागद तयार करणार आणि मग आपल्या पसंतीच्या बॅरिस्टरला ब्रीफ देणार. म्हणजे बॅरिस्टर कितीही हुशार असो, सॉलिसिटरांनी विश्वास दाखवला नाही तर तो रिकामाच. नवख्या वकिलाची पहिली वर्षं त्यातच जातात. बद्रुद्दीन यांच्या घरातच एक नामांकित सॉलिसिटर होता. मी हे लपवत नाही, ही सोय सगळ्यांना नसते. पैसा होता, भाऊ होता, घर होतं. पण भावाच्या जोरावर दार उघडतं, कोर्टात तीस-तीस वर्षं पाय टिकत नाही. तिथे बद्रुद्दीन यांचा स्वभाव कामाला आला.

त्यांचं बोलणं ठाम असे, पण आवाज चढत नसे. उलटतपासणी आणि ज्यूरीपुढचं भाषण यांत त्यांचं नाव झालं. १८७३ मध्ये ते मुंबईच्या म्युनिसिपालिटीत निवडून आले. १८७५ पासून मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर होते, १८८२ मध्ये कायदे कौन्सिलवर नेमले गेले. १८८३ साली इल्बर्ट बिलाचं वादळ उठलं. हिंदी न्यायाधीशाने गोऱ्या माणसाचा खटला चालवायचा की नाही, असा वाद होता, आणि इंग्रजांची भाषा अत्यंत अपमानकारक झाली होती. टाऊन हॉलच्या सभेत फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी असे तिघे बोलले. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान. शिव्यांना शिव्यांनी उत्तर द्यायचा मोह मोठा होता, पण तिघांनी मुद्द्यावर मुद्दा ठेवला. पुढे १८८५ मध्ये या तिघांनीच बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन उभी केली. तब्येत मात्र मधूनमधून साथ सोडायची. १८८६ मध्ये त्यामुळेच त्यांनी कौन्सिलचा राजीनामा दिला. शरीराचं ऐकून मागे सरकायचं आणि बरं वाटल्यावर पुन्हा पुढे यायचं, हे ते विसाव्या वर्षीच शिकले होते.

डिसेंबर १८८७ मध्ये मद्रासला काँग्रेसचं तिसरं अधिवेशन झालं, त्याचे ते अध्यक्ष. इथे त्यांना आपल्याच माणसांचा विरोध सहन करावा लागला, आणि तो जास्त कठीण असतो. अलीगढचे सर सय्यद अहमद खान यांचं म्हणणं होतं की मुसलमानांनी काँग्रेसपासून लांब राहावं, आधी तालीम घ्यावी. कलकत्त्याचे अमीर अलीही सोबत आले नाहीत. बद्रुद्दीन यांनी या दोघांना पत्रं लिहिली, आपली बाजू मांडली, त्यांची समजून घेतली. काँग्रेसलाही सांगितलं की मुसलमान प्रतिनिधी जवळजवळ एकमताने नको म्हणतील तो विषय घेऊ नका, आणि १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात तसा ठराव झाला. सर सय्यद यांचं मन वळलं नाही. पण बद्रुद्दीन यांनी तालमीच्या कामात अलीगढशी वैर धरलं नाही. १९०३ मध्ये सर सय्यद यांनीच सुरू केलेल्या मोहम्मेडन एज्युकेशनल कॉन्फरन्सचं अधिवेशन मुंबईत भरलं, तेव्हा अध्यक्षस्थानी तय्यबजी होते. आपल्याकडे मशिदीच्या कमिटीत मतभेद झाला तर लोक सलाम बंद करतात, हे बघितलं की मला ते अधिवेशन आठवतं.

१८९५ मध्ये ते हायकोर्टाचे जज्ज झाले. त्यांच्या कारकिर्दीतली एक घटना महाराष्ट्रात तरी प्रत्येकाला माहीत हवी. १८९७ मध्ये पुण्यात रँडचा खून झाला आणि ‘केसरी’तल्या लिखाणावरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टात अर्ज गेला, तोही फेटाळला गेला, आणि फेटाळणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी एक स्वतः महादेव गोविंद रानडे होते. खटला सेशन्सकडे गेल्यावर पुन्हा अर्ज झाला, तो तय्यबजींसमोर आला. टिळकांचे वकील होते दिनशा दावर, ज्यांनी पुढे १९०८ मध्ये जज्ज म्हणून टिळकांना मंडालेची शिक्षा सुनावली. ४ ऑगस्ट १८९७ रोजी तय्यबजींनी जामीन मंजूर केला. शहरात इंग्रजी पेपरांची ओरड चालू होती, सरकारची मर्जी उघड दिसत होती. हिंदी आणि त्यातून मुसलमान जज्जाने हात आखडता घेतला असता तर त्यांना सोपं गेलं असतं. त्यांनी कायदा पाहिला. आरोपीला आपला बचाव तयार करायला मोकळीक हवी, एवढी साधी गोष्ट त्यांनी भीती आणि राग दोन्ही बाजूला ठेवून पाहिली. १९०२ मध्ये ते मुंबईचे हंगामी मुख्य न्यायमूर्तीही झाले. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ.

आता घराकडे परत येऊ, कारण आपला मूळ विषय घर आहे. बद्रुद्दीन यांच्या बेगम राहतुन्नफ्स. मुलंबाळं भरपूर, अठरा. कंबाला हिलवर सॉमरसेट हाऊस हा त्यांचा बंगला होता, आज तिथे सोफिया कॉलेज आहे. या खानदानाने गुजराती सोडून उर्दू ही घरची जबान म्हणून ठरवून स्वीकारली होती. आणि घरात एक अजब रिवाज होता : ‘अखबार’ नावाच्या वह्या. कोण प्रवासाला गेलं, कोण आजारी पडलं, काय पाहिलं, काय वाटलं, हे घरातल्या माणसांनी उर्दूत लिहायचं आणि बाकीच्यांनी वाचायचं. बायकाही लिहायच्या. मी शाळेत जेव्हा मुलांना म्हणतो की आज तुला काय वाटलं ते चार ओळी लिही, तेव्हा अर्धा वर्ग कोरा कागद देतो. त्यांना लिहिता येत नाही असं नाही, कुणी कधी विचारलेलंच नसतं. तय्यबजींच्या घरात ते विचारलं जात होतं, वहीवर, सगळ्यांसमोर. असं घर मुलाचं अपयशही ऐकून घेऊ शकतं.

मुलींनाही त्यांनी शिकवलं. १९०४ मध्ये दोन मुलींना इंग्लंडच्या निवासी शाळेत पाठवलं. पडद्याबद्दल त्यांची मतं त्यांच्या काळाच्या पुढची होती, आणि ती सगळ्यांना पटली नाहीत. आजही सगळ्यांना पटणार नाहीत. ती चर्चा इथे नको. मुलीच्या तालमीचा मुद्दा मात्र वेगळा आहे आणि त्यावर आपल्यात आता दोन मतं नसावीत.

आपल्या मुलांना मिळालं ते दुसऱ्यांच्या मुलांना मिळावं, यासाठी अंजुमन. १८७४ मध्ये संस्था स्थापन झाली तेव्हा कमरुद्दीन अध्यक्ष होते आणि बद्रुद्दीन सेक्रेटरी. सोबत मुन्शी गुलाम मोहम्मद होते, आपल्या कोकणी मुसलमानांचे नाखुदा मोहम्मद अली रोगे होते. १८८० मध्ये शाळा निघाली. १८९० पासून अखेरपर्यंत बद्रुद्दीन अध्यक्ष राहिले, आणि १८९३ मध्ये स्टेशनसमोरची इमारत उभी राहिली. ज्या मुलाच्या घरात कमरुद्दीनसारखा भाऊ नाही, त्याच्यासाठी ती शाळा म्हणजेच थोरला भाऊ होती, असं मला वाटतं.

या खानदानाची ती सवय पुढेही राहिली. पक्ष्यांचे जगप्रसिद्ध अभ्यासक सालिम अली लहानपणीच यतीम झाले, तेव्हा त्यांना खेतवाडीच्या घरात वाढवलं ते मामू अमिरुद्दीन तय्यबजींनी. पोराने मारलेल्या एका वेगळ्याच चिमणीबद्दल त्याने प्रश्न विचारला, तर मामूंनी त्याला हाकललं नाही, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. एवढ्याशा गोष्टीतून काय झालं ते आपण जाणतो.

१९०५ मध्ये राहतुन्नफ्स बेगमचं निधन झालं. पुढच्या वर्षी बद्रुद्दीन रजेवर इंग्लंडला होते. १९ ऑगस्ट १९०६ रोजी हृदयविकाराने लंडनमध्येच त्यांचा इंतकाल झाला, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. ज्या शहरातून ते एकदा हात हलवत परतले होते, त्याच शहरात.

त्यानंतर काही आठवड्यांतच याच खानदानातली एक तरुण मुलगी त्या शहरात पोहोचली, टीचर ट्रेनिंग घ्यायला. बद्रुद्दीन यांचे भाऊ शुजाउद्दीन यांची ती नात, अतिया फैझी, मुरुड-जंजिऱ्याच्या नाझली बेगमची बहीण. तिचीही तब्येत बिघडली, कोर्स पुरा झाला नाही, १९०७ मध्ये ती घरी परतली. तिथून तिने लिहून पाठवलेली उर्दू रोजनिशी लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या बायकांच्या साप्ताहिकात छापली गेली, आणि १९२१ मध्ये तिचं पुस्तक निघालं.